दाखल्यापुरता भूकंपग्रस्त

माझ्याकडे भूकंपग्रस्त असल्याचा दाखला आहे. लॅमिनेशन करून जपून ठेवलेला. सरकारी नोकरभरतीत भूकंपग्रस्तांना 2 टक्के समांतर आरक्षण असतं, त्या जागेवर मी 2008 साली कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. आज उपअभियंता आहे. दाखल्याचा फायदा घेतला, पण दाखल्यातला मजकूर स्वतःबद्दल मला कधी खरा वाटला नाही. घर पडलं, आजी गेली, चार वर्षांची धाकटी बहीण गेली, हे कुठे नाकारणार? नाकारायचो ते एवढंच, की त्याचं मला पुढे काही झालं. कुणी फार हळहळायला लागलं की माझं ठरलेलं उत्तर असे, "अहो, नऊ वर्षांचा होतो मी. लहान पोरांचं काय, आज रडतात, उद्या गोट्या खेळतात."

गोट्या खेळलो, हेही खरं. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची आणि मधल्या सुट्टीत शेडमागे डाव पडायचा. पण ते उत्तर मी आता परत घेतो आहे. त्या उत्तराच्या जोरावर मी काही माणसांशी वाईट वागलो, तेही सांगायचं आहे.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. ही वेळ आमच्या भागात पोरासोरांनाही पाठ आहे. आमचं गाव किल्लारीपासून सात-आठ किलोमीटरवर, जी 52 गावं पुढे उचलून दुसरीकडे वसवली त्यांतलं एक. मृतांचा सरकारी आकडा 7,928 आहे. आमच्याकडे सगळे दहा हजारच म्हणतात, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही.

आदल्या वर्षी, 1992च्या दिवाळीच्या आगेमागे, जमिनीतून गुरगुर यायची, फडताळातली भांडी वाजायची. लोक घाबरून काही दिवस बाहेर झोपले. मग थंडी पडली, गुरगुरीचीही सवय झाली आणि सगळे आत आले. आमची घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर तुळयांवर माळवद. घर गार राहावं, गळू नये म्हणून वर्षावर्षाला माळवदावर आणखी माती पडायची. पुढे शिकताना मी एका खणावरच्या त्या मातीचं वजन काढून पाहिलं होतं. एकदाच काढलं.

अनंत चतुर्दशीची रात्र होती. विसर्जनाहून आम्ही पोरं उशिरा परतलो, गुलालाने माखलेली. वडील, आमचे आबा, राखणीला शेतावर होते. आई धाकट्या चिंगीला घेऊन आत झोपली होती, आजी आणि मी ढेळजेत. आजी म्हणाली, "कडी घाल बरं, कुत्री शिरत्यात." मी चवड्यांवर उभा राहून कडी घातली आणि झोपलो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तोंडात माती. पायावर काहीतरी, जे हलत नव्हतं. पण एक गोष्ट तुकड्यांत नाही, सलग आहे. अंधारात एक माणूस ओरडत होता, "दार उघड, दार उघड." किती वेळ ते कळत नाही. मग तो आवाज थांबला.

तो आवाज आबांचा होता आणि दाराला मी कडी घातली होती. आबांना वेळेवर आत येता आलं असतं तर आजी आणि चिंगी वाचल्या असत्या. हा हिशोब मी नवव्या वर्षी केला आणि कुणाला दाखवला नाही. दाखवायची गरजही पुढे वाटेनाशी झाली, कारण काही वर्षांनी मला स्वतःलाच तो आठवेना. निदान मी तसं समजत होतो.

आता माझ्या नांदेडच्या घरातले नियम सांगतो. मी दाराकडच्या बाजूला झोपतो. चपला पलंगाशी, तोंडं बाहेर. उशीखाली बॅटरी. डोक्यावर फळी नको, घड्याळ नको, फोटो नको. गोदरेजची कपाटं भिंतीला क्लॅम्पने आवळलेली. मुख्य दाराला लॅच चालतं, कडी नाही. बेडरूमचं दार उघडं. बायकोने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला उकडतं, हवा खेळती पाहिजे. बाथरूमचं दार आतून बंद करायचं नाही, नुसतं लोटायचं. पाहुणे आले की या नियमाने घरात रोज एकदा तरी आरडाओरडा व्हायचा. बायको म्हणायची, "तुमचं जरा अतीच आहे." मी म्हणायचो, अभियंता आहे, स्वभावच तसा.

गणपतीच्या दहाव्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही. कारण विचारलं की मी डेसिबलवर बोलायला लागे. ढोल-डीजेच्या आवाजाने वृद्धांना आणि रुग्णांना होणाऱ्या त्रासावर मी वर्तमानपत्राला पत्रही लिहिलं होतं, ते छापून आलं. पत्रातला शब्द न् शब्द बरोबर होता. फक्त ते वृद्धांसाठी लिहिलेलं नव्हतं.

माझा एक चुलतभाऊ आहे, माझ्याहून वर्षाने लहान. शेजारच्याच घरात त्याचे आई-वडील दोघंही गेले. आबांनी त्याला आमच्यात घेतलं. शेडमध्ये आम्ही दोघं एका गोधडीत झोपायचो. मी शिकलो, तो दहावीत थांबला, शेती करतो आणि पितो. आमच्या गावांत मदतीचे पैसे आले तशी पाठोपाठ दारूही आली, आणि पुष्कळ घरांत ती अजून आहे. 2019 साली घरच्या एका लग्नात तो मांडवात झिंगून आला. त्याला बाजूला घेऊन मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं. "माझीपण बहीण गेली. मी पितो का? किती वर्षं भूकंपाचं निमित्त करशील?" तो काही बोलला नाही. हात जोडून "बराबर आहे दादा" म्हणाला आणि जेवण न करता गेला. मला त्या रात्री फार छान झोप लागली. खडसावलं, एकदाचं खडसावलं, असं वाटत होतं.

असा मी होतो. आता 21 मार्च 2024.

त्या सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात 4.5 रिश्टरचा धक्का बसला, नांदेडपर्यंत जाणवला. तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक. आमच्या इमारतीत प्लास्टरचा पोपडासुद्धा निघाला नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. मला आठवतं ते असं : पलंग हलला, आणि मी रस्त्यावर उभा होतो. मधलं काही नाही. जिना नाही, दार नाही. पायात चपला होत्या, हातात बॅटरी होती, आणि मी एकटा होतो.

बायको आणि नऊ वर्षांची मुलगी माझ्यामागून दोन-तीन मिनिटांनी खाली आल्या. मुलीच्या अंगावर शाल होती, बायको गॅसचा कॉक बंद करून आली होती. सगळ्या इमारतीचे लोक खाली जमलेले. कुणीतरी मला म्हणालं, "साहेब, तुम्ही इंजिनिअर, आता वर जायला हरकत नाही ना?" मला बोलता येईना. दहाएक मिनिटांनी दुसरा, बारीक धक्का आला तेव्हा मी मुलीचा हात इतका घट्ट धरला की तिने ओरडून सोडवून घेतला.

त्या रात्री जेवताना मुलीने विचारलं, "बाबा, तू मला का नाही उचललंस?"

चिडून नव्हे. तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. बायको ताटातच बघत राहिली. मी काहीतरी सांगितलं, वाट मोकळी आहे का बघायला गेलो होतो वगैरे. मुलीला ते पटलं. बायकोला पटलं नाही, आणि तिने ते आजपर्यंत बोलून दाखवलेलं नाही.

तीस वर्षं ज्या एका मिनिटाची मी तयारी करत होतो, ते मिनिट आलं आणि चपला-बॅटरीसकट मी पळालो. ज्याला मी स्वभाव म्हणत होतो, सावधपणा म्हणत होतो, त्यात माझ्याशिवाय कुणाला जागाच नव्हती. कशी असणार? ती नऊ वर्षांच्या पोराची तयारी होती.

मे महिन्यात गावी गेलो. आता गाव म्हणजे पुनर्वसनातलं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. आई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो, मूठभर शेंगा घेतल्या आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणालो, "आई, त्या रात्री कडी मी घातली होती."

"कसली कडी?"

मी सांगितलं. आजी काय म्हणाली, मी काय केलं, आबा कसे ओरडत होते. आई फोडत असलेली शेंग तशीच हातात धरून ऐकत होती.

"काय बोलायलास लेकरा," ती म्हणाली. "दार चौकटीसगट बाहेर पडलं होतं की पहिल्या हिसक्याला. आन् तुझे आबा कुठं होते तवा? तीन किलोमीटर शेत. उजाडायला आले ते धावत. आले तवा दारबी नव्हतं आन् भिंतबी नव्हती."

"मग ओरडत कोण होतं?"

तिने हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. "तुझा काका आसंल. त्यांचं दार आडकलं होतं म्हणं."

मी त्यावर पुढे काही विचारलं नाही. त्या घरात माझा चुलतभाऊ होता. आठ वर्षांचा, जिवंत.

सरकारी माणूस असल्यामुळे डॉक्टरकडे जाण्याआधी मी कागद गोळा केले. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या दोन डॉक्टरांनी 1995 ते 1997 या काळात सॅन दिएगोतल्या 17 हजारांहून जास्त प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं होतं. घरात मारहाण व्हायची का, लैंगिक अत्याचार झाला का, कुणी व्यसनी होतं का, आईला मार बसताना पाहिलं का. जितक्या जास्त प्रश्नांना 'हो', तितकं मोठेपणी व्यसन आणि नैराश्य जास्त, इतकंच काय, हृदयविकारही जास्त. उत्तरं देणाऱ्यांतले कित्येक पन्नाशी ओलांडलेले होते. मी हे वाचलं आणि आधी सुटकेचा श्वास टाकला, कारण त्या प्रश्नांत भूकंप नव्हताच. आमच्या घरात कुणी कुणावर हात उगारला नव्हता. तो तक्ता मला लावणं म्हणजे विटेच्या बांधकामाचं कोष्टक दगडी भिंतीला लावणं. अजूनही मला तसंच वाटतं. पण दुसऱ्या वाचनात माझ्या लक्षात आलं की मी त्या कागदात स्वतःला नाही, भावाला शोधत होतो, आणि तो मला सापडत होता.

खरं तर मला सॅन दिएगोला जायचं कारण नव्हतं. भूकंपानंतर आमच्याच भागात मनाच्या तब्येतीचं काम झालं होतं. नट म्हणून लोकांना माहीत असलेले डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यात होते. आमच्या शेडपर्यंत कुणी आलं होतं की नाही मला आठवत नाही. आलं असतं तरी आबांनी "आमचं काही नाही, पलीकडं विचारा" म्हणून चहा पाजून परत पाठवलं असतं, याची मला खात्री आहे.

आणि माझ्या धंद्यातली गोष्ट तर मला कुणी सांगायलाच नको होती. ज्या गावांत भिंती पडल्या नाहीत, नुसत्या हादरल्या, तिथे पुढे दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. आमच्याकडची जाड भिंत एकसंध नसते. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिपा आणि माती. धक्क्याने हे दोन थर एकमेकांपासून सुटतात. भिंत ओळंब्यात उभी दिसते, चुना दिलेला असला तर तडाही दिसत नाही, पण आत काही धरलेलं नसतं. म्हणून तिला आरपार भोकं पाडायची, सळई घालायची, काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर पुन्हा एकमेकांना धरतात. मी हे कनिष्ठांना शिकवलं आहे. फळ्यावर आकृती काढून. "उभी आहे म्हणजे धड आहे असं समजू नका," हे माझं आवडतं वाक्य होतं.

डॉक्टरबाईंकडे मी पाच-सहा महिने जात होतो. तिथलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही आणि बरंचसं कंटाळवाणंही आहे. एक मात्र सांगतो. त्या म्हणाल्या, लहान मूल अशा वेळी दोषी शोधतं, आणि त्याला सगळ्यांत जवळ सापडतं ते स्वतः. जमीन उगाचच हलते, यापेक्षा 'मी कडी घातली म्हणून झालं' हे त्याला कमी भीतीदायक वाटतं, कारण मग पुढच्या वेळी कडी न घालता वाचता येतं. मी त्यांना म्हणालो, म्हणजे माझे नियम. त्या काही बोलल्या नाहीत, वहीत लिहीत राहिल्या.

आता कुणी म्हणेल, या स्वभावाने तुमचं भलंही झालं. झालं. माझ्या देखरेखीखालचं एकही काम चौकशीत सापडलं नाही. शाळाखोल्यांची दारं बाहेर उघडणारी हवीत म्हणून मी ठेकेदारांशी भांडलो आहे, आणि ते योग्यच होतं. त्यातलं किती शिक्षणाचं आणि किती त्या रात्रीचं, हे मला वेगळं करता येत नाही. काढून टाका म्हटलं तर काय काढू? पण किंमत बायकोने मोजली, हे आता मला दिसतं. सोळा वर्षं ती उघड्या दाराच्या घरात राहिली.

हल्ली कुणाला साहेब रागावले तरी 'ट्रॉमा' म्हणतात, त्याचा मला अजून राग येतो. आणि सगळ्यांनाच असं होतं, असंही मी म्हणत नाही. आमच्या शेडमधल्या वर्गातला एक जण आता लातुरात ठेकेदार आहे. त्याच्या घरची चार माणसं गेली. तो कड्या-कोयंडे लावून, एसी लावून ढाराढूर झोपतो आणि गणपतीत लेझीम खेळतो. तो खोटं वागतो, असं मला वाटत नाही. एकाच गल्लीत एक भिंत राहिली आणि शेजारची पडली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पडलेल्या भिंतीला मात्र मी 'निमित्त करते' म्हणत होतो.

दिवाळीत भावाकडे गेलो. लग्नातल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्याला ते बोलणं आठवतच नव्हतं, किंवा तसं तो म्हणाला. "जाऊ द्या दादा, च्या घ्या," म्हणाला. त्या आवाजाबद्दल मी त्याला विचारलेलं नाही. दोनदा विषय ओठांवर आला, दोन्ही वेळा तो उठून गुरांकडे गेला. त्याचं पिणं सुटलेलं नाही. फोन मात्र आता आठवड्याला होतो, पीकपाण्याचा.

घरातला बाथरूमचा नियम उठवला आहे. मुलगी आता आतून कडी घालते. ती बाहेर येईपर्यंत मी हॉलमध्ये काहीतरी आवरत असतो.

राहता राहिले आबा. ते 2016 साली गेले. सरकारने दिलेलं घर दोन खोल्यांचं, पक्क्या स्लॅबचं, त्यात त्यांची खाट कधी गेलीच नाही. ती अंगणात कडुलिंबाखाली असायची, पावसाळ्यात बाहेरच्या पत्र्याखाली सरकायची. दवाखान्यातले शेवटचे अकरा दिवस सोडले तर ते स्लॅबखाली एक रात्रही झोपले नाहीत. पाहुण्यांनी विचारलं की आम्ही सांगायचो, आबांना उकडतं. डिसेंबरातसुद्धा हेच सांगायचो.